हत्ती एक घर मागे

शैलजाबाई टेबलाखाली शिरल्या तेव्हा पैठणीचा पदर बाहेरच राहिला. तो सावरायला त्यांना हात मोकळा नव्हता. एका हातात टॉर्च होता आणि दुसऱ्या हाताने त्या टेलिफोनची वायर कुठून येते नि कुठे जाते ते चाचपत होत्या. लग्नाला आलेली साठीची बाई दुसरबीडच्या बसस्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये टेबलाखाली रांगतेय, हे दृश्य बाहेरच्या बाकावरच्या माणसांना फुकटात मिळालं होतं. त्यांनी ते सोडलं नाही.

“बाई, वायर ओढू नका बरं! मशीन बंद पडली तं लायसन जाईन माहं!” वरून धम्मशीला ओरडली.

बूथ तिचा होता. डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ झालेला, त्या अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. स्टुलावरून उठून खाली वाकणं तिला जमत नसे, म्हणून तर शैलजाबाईंना खाली जायची परवानगी मिळाली होती.

“मशीनला मी हातसुद्धा लावत नाही. मशीनमधून फोनकडे येणारी वायर तेवढी काढते. ती या दोन तोंडांच्या पिनेत घालायची. एका तोंडाला तुमचा फोन, दुसऱ्याला माझा लॅपटॉप. तुमची मशीन मोजायचं ते मोजत राहील.”

“अन् फोन चालू राहीन?”

“राहील.”

“नाही राह्यला तं?”

“तर मी इथून हलणार नाही, चालू करून देईपर्यंत. मग तर झालं?”

धम्मशीलाने मान हलवली, पण नजर मशीनच्या लाल आकड्यांवरून काढली नाही. वीज अकरालाच गेली होती, भारनियमनाची. मशीन ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चालत होती आणि लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या, एकोणीस टक्के उरलेल्या.

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. बारा एकेचाळीसचा मुहूर्त. तिकडे नवरदेव मारुतीच्या देवळाकडे निघाला होता, बँडचा आवाज इथपर्यंत येत होता. लग्न शैलजाबाईंच्या चुलत दिराच्या मुलीचं, गार्गीचं. पोरगी लाडकी होती, तिच्यावर अक्षता टाकायच्याच होत्या. पण त्याआधी फिनलंडला एक खेळी पाठवायची होती, आणि ती दोनच्या आत.

आता हे लोकांना कसं सांगायचं? शैलजाबाई अकोल्याला गणित शिकवून रिटायर झाल्या आणि दोन वर्षांपासून ई-मेलवरून बुद्धिबळ खेळू लागल्या. एक स्पर्धा होती, तिच्यात समोरचा खेळाडू कुठल्याही देशातला. त्याची खेळी मेलवर यायची, आपली मेलवर जायची. उत्तराला पाच दिवस. पाच दिवसांत उत्तर गेलं नाही की डाव गेला. या डावात समोर एरो नावाचा एक निवृत्त पोस्टमास्तर होता, फिनलंडचा. माणूस सभ्य, पण पटावर दया नाही. सात महिने दोघं एकमेकांना दाबत होते. त्याची शेवटची मेल मंगळवारी दुपारी दोनला आली होती आणि आज रविवार होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार शैलजाबाईंनी विचार केला. शनिवारी एसटीत, मेहकर ओलांडता ओलांडता, मांडीवरच्या चुंबकाच्या छोट्या पटावर त्यांना ती खेळी दिसली. हत्ती एक घर मागे. बस्स. एवढंच. कुणाला सांगितलं तर हसेल, इतकी साधी.

त्या टेबलाखालून बाहेर आल्या, गुडघे झटकले आणि लॅपटॉपवर बटण दाबलं. लॅपटॉपने थोडी खुडबुड केली आणि सांगितलं की फोनला टोनच नाही.

“टोन तं हाय!” धम्मशीलाने रिसीव्हर कानाला लावून दाखवला. “हे पाहा. ऐका.”

“आपल्याला ऐकू येते. याला येत नाही. मशीनमधून येणारी टोन याच्या ओळखीची नसेल.”

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. सोळा टक्के.

बाकावरून जानराव उठले. पागोटं, पांढऱ्या मिशा, हातात पाण्याच्या मोटरीचा तुटका भाग. त्यांना जालन्याला फोन करायचा होता आणि पाऊण तास झाला ते ताटकळत होते.

“ओ बाई, आमी काय इथं तमाशा पाह्याले बसलो काय? काय चाललं हाय तुमचं?”

“बुद्धिबळ,” शैलजाबाई म्हणाल्या.

“फोनवर?”

“फोनवर.”

“घ्या!” जानरावांनी बाकाकडे वळून हात पसरले. “पिकाले पाणी नाही अन् इथं फोनवर बुद्धिबळ खेळून राह्यल्या!”

“बसा ना हो जानरावभाऊ,” धम्मशीला म्हणाली. “तुमची मोटर दोन महिन्यांपासून बंद हाय. अजून दहा मिनिटांनं काय आभाळ कोसळते?”

बाकावरची माणसं हसली. जानराव बसले, पण पाठ फिरवून.

धम्मशीला शैलजाबाईंकडे झुकली. आवाज खाली आणून म्हणाली, “पण खरं सांगा बाई, एवढं काऊन? तुमचा कोणी असंन ना शहरात? त्याले फोन करा, तो धाडन. एका मिनिटाचं काम.”

शैलजाबाईंचे ओठ आवळले गेले. नेमकं हेच सकाळपासून सगळे सांगत होते. लग्नघरातला फोन होता, त्याला कुलूप, कुलपाची किल्ली गार्गीच्या आजोबांच्या जानव्याला. आजोबांनी किल्ली लावली आणि म्हणाले, “सूनबाई, काय बोलायचं ते बोल, पण अर्धा अर्धा तास फोन अडकवून ठेवू नकोस, बुंदीवाल्याचा यायचाय.” आणि शैलजाबाईंचे यजमान, लक्ष्मीकांतराव, पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं मोठ्या साहेबाची मर्जी सांभाळलेले, ते म्हणाले, “अगं, आपल्या आल्हादला सांग की पुण्याला. तो तिथून पाठवेल. हाय काय अन् नाय काय!”

“एकदा सांगितलं होतं मुलाला,” शैलजाबाई म्हणाल्या. “मागच्या वर्षी. मोतीबिंदू काढला होता, डोळ्यावर पट्टी. त्याला म्हटलं, उंट असा असा ने. तो हो म्हणाला. आठ दिवसांनी पट्टी निघाल्यावर पाहते तर उंट जागेवरच. याने घोडा हलवलेला! का रे बाबा? तर म्हणे, आई, तू चुकत होतीस, मी दुरुस्त केलं.”

“मंग?”

“मग काय. हरले.”

“अन् तुमच्या उंटानं?”

“कदाचित त्यानेही हरले असते. पण मी हरले असते ना! छत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या मी. लाल पेन धरलं, पण एकाही पोराचं उत्तर खोडून माझं लिहिलं नाही. आणि माझ्या पोटचा पोरगा...” त्यांनी पाण्याचा घोट घेतला. “ते जाऊ द्या. खेळी मी पाठवणार, माझ्या हाताने. इथून नाही जमलं तर सिंदखेडराजाला जाईन, तिथून नाही तर जालन्याला.”

धम्मशीलाने आपल्या अधू पायावरून हात फिरवला.

“माहा भाऊ असाच,” ती म्हणाली. “बूथ मले मिळाला, तं म्हणे तू घरी बस, मी पाह्यतो. तुले कुठं झेपते? म्या म्हटलं, झेपन नाही तं बंद पडन, पण स्टुलावर मीच बसीन.” मग ती एकदम सरळ झाली. “बाई, टोन नाही समजत ना याले? आमची फॅक्सची मशीन होती, तिलेबी नव्हती समजत. आमी काय करू, नंबर हातानं लावू, तिकडून किर्रकिर्र वाजलं का बटन दाबू. तसं नाही होत याचं?”

शैलजाबाईंनी कपाळावर हात मारला. होत होतं! सेटिंगमध्ये तसं लिहिलेलंच असतं, नंबर हाताने लावा म्हणून. आल्हादने ते कधी दाखवलं नव्हतं आणि त्यांनी कधी उघडलं नव्हतं. बाई गणिताच्या, आणि साधं उत्तर स्टुलावर बसलेल्या बाईने द्यावं! त्यांना स्वतःचं हसू आलं.

शैलजाबाईंनी सांगितलेला अकोल्याचा इंटरनेटचा नंबर धम्मशीलाने फिरवला. तिची बोटं बटणांवरून न पाहता धावत होती. पलीकडे दोनदा वाजलं, मग ती प्रसिद्ध किरकिर सुरू झाली.

“दाबा!”

शैलजाबाईंनी दाबलं. धम्मशीलाने रिसीव्हर अलगद ठेवला. लॅपटॉप किंचाळला, घरघरला आणि गप्प झाला. कोपऱ्यात दोन छोटे दिवे लुकलुकू लागले.

“लागलं?”

“लागलं!”

दोघींनी एकमेकींचे हात धरले. मेलचं पान उघडायला लागलं. वरची निळी पट्टी आली, मग रिकामी जागा, मग अर्धं नाव.

नेमके तेव्हाच लक्ष्मीकांतराव आत आले. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, घामाघूम. “अगं, तू इथे! तिकडे सगळे विचारतायत. अंतरपाट धरायची वेळ झाली...” आणि बोलता बोलता, टेबलावरचा फोन अजून किणकिण करतोय असं वाटून, त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. “हॅलो? हॅलो? हे काय करकरतंय?”

दिवे विझले.

शैलजाबाई मेहकरच्या. लग्न होऊन अकोल्याच्या शिक्षकवस्तीत गेल्यापासून त्यांनी माहेरची बोली तोंडातून काढली नव्हती. ती आता निघाली.

“काऊन उचलला फोन? कोणी सांगितलं होतं उचलाले? जरा म्हणून धीर नाही का तुम्हाले?”

लक्ष्मीकांतरावांनी रिसीव्हर निखारा असल्यासारखा ठेवला. बाकावरच्या माना इकडे वळल्या. जानरावसुद्धा वळून बसले.

“लावा धम्मशीलाबाई, परत लावा,” शैलजाबाई म्हणाल्या. नऊ टक्के.

“अगं, पण राहू दे ना आता,” लक्ष्मीकांतराव म्हणाले. त्यांचा आवाज विचित्र गोड झाला होता. “काही गरज नाही.”

“का गरज नाही?”

“नाही म्हणजे... होईल ते होईल. चल.”

शैलजाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. एकतीस वर्षांत या माणसाला खोटं बोलायला कधी जमलं नव्हतं. खोटं बोलू लागला की हात फेट्याला, नाही तर टोपीला जायचा. आता तो फेट्याला गेला होता. पण विचारायला वेळ नव्हता. तिकडून किरकिर ऐकू आली, धम्मशीलाने खूण केली, त्यांनी बटण दाबलं.

या वेळी पान पुरतं उघडलं. दोन नव्या मेल होत्या. वरची एरोची, आजचीच, अर्ध्या तासापूर्वीची. शैलजाबाई चमकल्या. खेळीची पाळी आपली, मग याची मेल कशी?

त्यांनी उघडली. एरो तीन ओळींच्यावर कधी लिहीत नसे, आज त्याने बरंच लिहिलं होतं. “प्रिय शैलजा, आज पहाटे तुमची खेळी पाहिली आणि कॉफी गार होईपर्यंत पटासमोर बसून राहिलो. घोडा असा देऊन टाकायचा! सातव्या खेळीला मात आहे, ती मला दिसली नव्हती. चाळीस वर्षं खेळतोय, माझ्यावर इतकी देखणी खेळी कुणी केली नव्हती. डाव सोडतो. मनापासून अभिनंदन.”

दुसरी मेल आल्हादची. सकाळी नऊची. “आई, बाबांचा फोन आला होता. तू प्रवासात, उगीच दगदग नको. तुझ्या मेलवरून मीच खेळी पाठवली. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमवर रात्रभर लावायचीही गरज पडली नाही, दहा मिनिटांत सापडली. जिंकतेयस तू! लग्न एन्जॉय कर.”

“आलं का उत्तर?” लक्ष्मीकांतराव खांद्यावरून डोकावले. त्यांनी अभिनंदन हा शब्द वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. “जिंकलीस? बघ! मी म्हटलं नव्हतं? आजोबांच्या फोनवरून एका मिनिटात काम झालं. आता मांडवात सांगतो सगळ्यांना, आमच्या घरात चॅम्पियन आहे म्हणून!”

शैलजाबाईंनी पिशवीतून चुंबकाचा छोटा पट काढला आणि टेबलावर ठेवला. घोडा उचलला. प्याद्याला मारलं. एरोचा वजीर हलवला, आपला उंट आणला, हत्ती, पुन्हा वजीर. बोटं सावकाश चालत होती. सातव्या खेळीला काळ्या राजाला जायला जागा उरली नाही.

खेळी खरोखरच देखणी होती. डोळ्यांत पाणी यावं इतकी. आपल्याला ती चार दिवसांत दिसली नव्हती, आणखी चाळीस दिवसांत दिसली नसती, हे त्यांना स्वच्छ कळलं. हत्ती मागे घेऊन फार तर बरोबरी झाली असती. तीही घाम गाळून, पावसाळा संपेपर्यंत.

सात महिने झाले होते. कौतुकाची अशी मेल त्यांना आयुष्यात कधी आली नव्हती. नुसतं झाकण मिटायचं, फोनची वायर परत जागेवर लावायची आणि मांडवात जायचं. कुणाला काय कळणार होतं?

त्यांनी पटावरच्या सोंगट्या एक एक करून मागे नेल्या. घोडा परत आपल्या घरात गेला. काळा राजा सुटला. मग त्यांनी चष्मा पुसला आणि टाइप करायला घेतलं. सहा टक्के.

“काय लिहितेस? आभार ना?” लक्ष्मीकांतरावांनी विचारलं.

त्या लिहीत राहिल्या. त्यांचं इंग्रजी वर्गातल्या फळ्यासारखं, तुटक आणि स्वच्छ. “प्रिय एरो, तुम्ही जिला दाद दिलीत ती खेळी माझी नाही. ती माझ्या मुलाची, म्हणजे खरं तर त्याच्या कॉम्प्युटरची. मला न विचारता पाठवली गेली. डाव तुम्ही सोडू नका, मी सोडते. स्पर्धेच्या लोकांना तसं आजच कळवा, मीही कळवीन. माझी खेळी वेगळी होती: हत्ती एक घर मागे. वेळ झाला तर सांगा, तिच्यावर तुम्ही काय केलं असतं.”

लक्ष्मीकांतराव ओठ हलवत वाचत होते. मधेच ते थांबले.

“अगं ए! वेडी झालीस का? जिंकलेला डाव आहे!”

“जिंकलाय तो आल्हादने. त्याला सांगा, फेटा बांधून मिरव म्हणावं.”

“मुलाने प्रेमाने केलं गं...”

“प्रेमाने केलं हे मला दिसत नाही का? दिसतं. म्हणून तर जास्त राग येतो.”

आणि त्यांनी मेल पाठवली. दिवे लुकलुकले, पान थरथरलं, शेवटी गेल्याची ओळ आली. चार टक्के. तेवढ्यात त्यांना आणखी एक काम करायचं होतं. मेलचा पासवर्ड आल्हादने ठेवलेला, त्याचीच जन्मतारीख. तो त्यांनी बदलला. नवा काय ठेवला ते धम्मशीलाला दिसलं असेल, पण तिने मान मुद्दाम रस्त्याकडे वळवली होती. तो कुणालाच ठाऊक नाही, आणि इथेही तो सांगायचा नाही.

लॅपटॉप आपणहून बंद झाला. शैलजाबाई पुन्हा टेबलाखाली गेल्या, पिन काढली, फोनची वायर होती तशी लावली. धम्मशीलाने रिसीव्हर उचलला, टोन ऐकली आणि तो बाकाकडे धरला.

“घ्या जानरावभाऊ. बोला तुमच्या जालन्याशी.”

जानराव आत आले, पण नंबर सांगायच्या आधी घुटमळले. तुटका भाग एका हातातून दुसऱ्या हातात घेत त्यांनी विचारलं, “काय झालं मंग बाई? जिंकल्या का हरल्या?”

“हरले,” शैलजाबाई म्हणाल्या, आणि पदर असा काही खोचला की जानरावांना आपण भलतंच ऐकलं की काय असं वाटलं.

“अन् इतक्या खूश?”

“मी हरले ना,” त्या म्हणाल्या. “मी.”

धम्मशीला खो खो हसत सुटली. मशीनमधून निघालेली पावती तिने फाडून दिली. शैलजाबाईंनी ती घडी करून छोट्या पटाच्या डबीत ठेवली, सोंगट्यांबरोबर.

रस्त्यावर ऊन रणरणत होतं. बँड आता मांडवाशी पोचला असावा, मंगलाष्टकांसाठी माइक तपासल्याचा आवाज येत होता. लक्ष्मीकांतराव लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून दोन पावलं मागून चालत होते. या वेळी हात फेट्याकडे गेला नाही.

“शैला,” त्यांनी हाक मारली, “हत्ती मागे का घेणार होतीस पण? पुढे मोकळं होतं की सगळं.”

शैलजाबाई थबकल्या. एकतीस वर्षांत या माणसाने पटावरची एकही गोष्ट त्यांना विचारली नव्हती. जेवण झालं का, पेन्शन आली का, हे विचारलं. हत्ती का, हे कधीच नाही. त्यांच्या तोंडावर उत्तर आलंही होतं.

“ते फिनलंडला कळवलंय,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला नाही सांगणार. तुम्ही लगेच पुण्याला फोन कराल.”

आणि पैठणीच्या निऱ्या एका हाताने उचलून त्या मांडवाकडे झपाझपा निघाल्या, अक्षता चुकायच्या नव्हत्या म्हणून.